गुरुवारची दोऱ्याची खेप

अजून माझा विश्वास बसत नाही. आई शिवणकाम करते. तीस वर्षं मशीन, चूल आणि दर गुरुवारी बाजारातून दोरे आणायची खेप, एवढंच तिचं जग. म्हणून रविवारी मीच तिला तळ्याकाठच्या जंगलात फिरायला नेलं. वाट सोपी, तरी माझं शहाणपण चालूच, "आई, जपून!"

तळ्याशी पोचलो तर म्हातारा नावाडी हसला. "मावशी, आज रविवारी कशा?" त्यानं खोपटातून उशी आणून दिली. माझ्या शाळेच्या जुन्या गणवेशाची उशी!

मी उशी निरखू लागले. "आई, मग ते दोरे?"

"दोरे आपल्या कोपऱ्यावरही मिळतात," उशीवर ऐसपैस बसत ती म्हणाली. "घरात मला बसू कोण देत होतं?"