मागणी काही न्हाई

आमच्या स्टेशनावर पॅसेंजर थांबायची बंद झाली, त्याला कोरोना जबाबदार आहे. ती परत थांबायला लागली नाही, त्याला मी जबाबदार आहे. एवढी दोन वाक्यं लिहायला मला चार वर्षं लागली.

तसा मी बोलणारा माणूस नाही. हायस्कुलात लिपिक आहे. दुसऱ्यांचे अर्ज, दाखले, रजेची कारणं लिहून लिहून स्वतःचंही काही सांगायचं असतं हे विसरून गेलेलो. शाळेत पोरं मला 'मुके सर' म्हणतात, हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. आयुष्यात एकदाच, एका सकाळी, मी तोंड भरून बोललो. तेवढ्यात गाडी गेली.

आमचं स्टेशन परतूर आणि जालन्याच्या मधलं. एक फलाट, एक लिंबाचं झाड, दोन बाक, आणि बाहेर चहाचं हॉटेल. पॅसेंजर मनमाडकडून यायची आणि नांदेड ओलांडून तेलंगणाच्या अंगाला निघून जायची. लांबचा पल्ला, पण घाई बिलकुल नाही. खिडकीतली माणसं रुळाशेजारच्या शेतातल्या माणसाला "कापूस कसा काय औंदा?" असं विचारायची आणि उत्तर पुरतं ऐकूनच पुढं जायची.

या गाडीवर माझ्या थोरल्या बहिणीचं माहेर अवलंबून होतं. अक्काला धर्माबादला दिलेली, नांदेडच्याही पुढं. आणि अक्काला गाडी लागते. एसटी लागते, जीप लागते, रिक्षा लागते. भावजींनी नवी मोटार घेतली तेव्हा पूजेचा नारळ फोडायच्या आत तिला उलटी झाली, आणि मोटार अजून जागची हललेलीही नव्हती. जगातल्या सगळ्या गाड्या अक्काला लागायच्या, फक्त ही एक फलाटाला लागायची. रेल्वेत ती खुशाल पाय वर घेऊन बसायची, भाकरी सोडायची, समोरच्या बाईच्या सुनेचं बाळंतपण पार पाडायची आणि धर्माबादच्या लाल मिरचीचं गाठोडं घेऊन आमच्याकडं उतरायची. दिवाळीला एकदा, हुरड्याला एकदा. आता एक्सप्रेस आहेत, पण त्या परतूरला उतरवतात. पुढचा रस्ता जीपचा. आणि जीप नुसती पाहूनच अक्काच्या पोटात कालवतं.

आता ती सकाळ.

गाड्या बंद होऊन दीडएक वर्ष झालं होतं. दोन दिवसांपूर्वी जालन्याचे पाहुणे माझ्या पोरीला पाहून गेले होते. मुलगा चांगला, घर चांगलं. "कळवतो," म्हणाले आणि गेले. आमच्याकडं 'कळवतो'चा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे: दोन-चार दिवसांत एखादा अनोळखी माणूस गावात येणार, हॉटेलात चहा मागवणार, आणि इकडच्या-तिकडच्या गप्पा मारत घराची माहिती काढणार. याला चौकशी म्हणतात. चौकशीला आलेला माणूस कधी 'मी चौकशीला आलोय' असं म्हणत नाही, आणि गाव कधी 'आम्ही तुम्हाला ओळखलंय' असं म्हणत नाही. अशा माणसापुढं गावात कुणी कुणाची उणीदुणी काढत नाही. ज्याच्याशी बांधावरून कोर्टात केस चालू आहे, तोसुद्धा त्या दिवशी म्हणतो, "देवमाणूस हो, देवमाणूस."

मी हॉटेलात बसलो होतो. पांढरा शर्ट, काखेत फाइल, बोटात पेन, असा एक माणूस आला. त्यानं चहा मागवला. बंद स्टेशनाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाला, "इथलेच का तुम्ही?"

"इथलाच."

"बरं झालं. जरा चौकशी करायची होती."

म्हणाला की हो! सरळ तोंडावर म्हणाला. मला वाटलं, शहरातले लोक, त्यांच्यात असंच असेल. मी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"लोकांची परिस्थिती कशी आहे इकडं? बाहेरगावी कशानं जातात?"

"परिस्थिती झकास," मी म्हणालो. "घरटी गाडी हाय. आमच्याच दारात दोन हायत." एक माझी मोटारसायकल आणि दुसरी शेजाऱ्याची, त्याच्या दारात जागा नाही म्हणून.

"पॅसेंजर होती तेव्हा तिनं जायचे?"

"पॅसेंजर?" मी हसलो. असं हसणं मला येतं हे मला त्या दिवशी कळलं. "ती रिकामीच पळायची साहेब. आमच्यात कोण बसतंय तिच्यात?"

त्यानं लिहून घेतलं. मी चहावाल्याकडं पाहिलं. चहावाल्यानं ओळखलंच होतं. "बराबर हाय," तो म्हणाला. "मोठी माणसं हायत ही."

"शिकणाऱ्या मुलींचं काय?"

आला मुद्द्यावर, मी मनात म्हणालो. "आमच्या पोरीनं बी.एस्सी. केलं जालन्याला. एक दिवस रेल्वेत पाय ठेवू दिला न्हाई. स्कूटी घेऊन दिली." पोरगी तिन्ही वर्षं पॅसेंजरनं गेल्ती. स्कूटीचा नुसता विषय निघाला होता, तोही जेवताना.

"आणि दवाखान्याला? कुठं जाता?"

हा प्रश्न आला आणि मी सावध झालो. घराण्यात काही दुखणंबिखणं आहे का, हे असंच विचारतात. "दवाखान्याचं कामच पडत न्हाई," मी ठणकावून सांगितलं. "बीपी न्हाई, शुगर न्हाई, दमा न्हाई. आमच्या आज्याला शेवटपर्यंत चष्मा नव्हता."

तो माणूस जरा थांबला. आज्याचा चष्मा कुठल्या रकान्यात भरावा, हे त्याला कळेना, असं आज वाटतं. तेव्हा वाटलं, भारावला. मग फाइल मिटता मिटता त्यानं शेवटचं विचारलं, "म्हणजे तुमच्याकडून तशी काही मागणी नाही?"

मागणी! माझ्या डोळ्यात पाणी यायचं बाकी राहिलं. आजवर मुलाकडची मागणी ऐकत आलेलो. मुलीच्या बापाला 'तुमची मागणी काय' असं विचारणारं घर मी पहिल्यांदा पाहत होतो.

"न्हाई साहेब," मी हात जोडून म्हणालो. "आमची मागणी काही न्हाई."

चहाचे पैसे मी त्याला देऊ दिले नाहीत.

आठवड्यानं जालन्याहून होकार आला. मी बायकोला म्हणालो, "पाहिलंस? माणूस बोलला पाहिजे." लग्नाच्या बैठकीत व्याह्यांना सहज म्हणालो, "तुमचा तो फाइलवाला माणूस भला होता हो." व्याही म्हणाले, "कोणता? आम्ही कुणालाच धाडलं नव्हतं." मी पुढं विचारलं नाही. बासुंदीची आणखी एक वाटी मागून घेतली.

लग्नाला अक्का जीपनं आली. आली म्हणजे पोहोचवली. अक्षता पडल्या तेव्हा मुलीची सख्खी आत्या मांडवामागं कॉटवर आडवी होती, डोक्याला ओला टॉवेल, हातात लिंबू. परत जाताना म्हणाली, "भाऊ, आता गाडी सुरू झाली की येते." तेव्हापासून आली नाही.

पुढं पॅसेंजर सुरू झाली, पण आमच्याकडं न थांबताच जाऊ लागली, म्हणून गावात संघर्ष समिती झाली. अध्यक्ष रिटायर गुरुजी. अर्ज लिहायला हात बसलेला म्हणून सचिव मी. गुरुजींनी माहितीच्या अधिकारात विचारलं की आमचा थांबा परत का दिला नाही. उत्तर आलं, ते त्यांनी फलाटावरच्या लिंबाखाली सगळ्यांपुढं वाचलं. त्यात होतं की पाहणी झाली आहे. 'स्थानिक प्रतिष्ठित नागरिका'च्या सांगण्यानुसार गावात वाहनं भरपूर असून विद्यार्थी, महिला, रुग्ण यांच्याकडून थांब्याची मागणी नाही.

माझे कान तापले. बाकीच्या सगळ्यांनी एकदम जीपवाल्याकडं पाहिलं. आमच्या गावाहून परतूरला त्याचीच जीप जाते; गाडी बंद राहण्यात फायदा कुणाचा, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

"तूच का रे तो प्रतिष्ठित?" एकानं विचारलं.

"मला कोण प्रतिष्ठित म्हणल?" जीपवाला म्हणाला. "माझ्या सासऱ्यानं म्हणलं न्हाई अजून."

सगळे हसले, पण नाव चिकटलं. त्या दिवसापासून तो गावात 'प्रतिष्ठित'. "प्रतिष्ठित, दोन शिटा हायत का?" "प्रतिष्ठित, हॉर्न वाजव." चहावाल्याला त्या सकाळचा फाइलवाला आठवत होता की नाही, कोण जाणे, त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि कप विसळायला घेतले. मी बैठकीचं इतिवृत्त लिहीत होतो. शेवटचा ठराव माझ्याच अक्षरात आहे: 'सदर नागरिकाचा शोध घेण्यात यावा. जबाबदारी: सचिव.'

सहा महिने मी शोध घेतला. दर बैठकीला 'शोध चालू आहे' असं लिहिलं.

औंदा हुरडा सुरू झाला तेव्हा अक्काचा फोन आला. "भाऊ, गाडीचं काही झालं का? गुडघे आता किती दिवस साथ देतील, सांगता येत न्हाई. एकदा शेतात बसून हुरडा खायचा होता."

"चालू हाय अक्का. कमिटी पाठपुरावा करून राह्यली."

"कमिटीत कोण हाय?"

"मी हाय."

"मंग होईल," अक्का म्हणाली.

त्या 'मंग होईल'नं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी हुरड्याची पिशवी घेतली आणि निघालो. परतूरला जायला जीप एकच. पुढं बसलो. जीपवाल्यानं गिअर टाकत विचारलं, "दादा, सापडला का तो?"

"कोण?"

"प्रतिष्ठित हो. माझ्या बायकोला दळणाच्या लायनीत बी लोक तेच म्हणून राह्यले. सापडला की आधी मला सांगा."

त्या दिवशी पहिल्यांदा मला जीप लागेल की काय, असं वाटलं.

दुपारी धर्माबादला अक्काच्या ओसरीत बसलो आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आत सगळं सांगितलं. चष्म्यापर्यंत सगळं. अक्का ऐकत राहिली. मग म्हणाली, "तू बोललास? तू? एवढं?" आणि हसायला लागली. पदर तोंडाला लावून, गुडघा थापटून हसली. "आज्याचा चष्मा! अरे, आज्याला दिसत कुठं होतं? भिंतीला धरून चालायचा."

मीही हसलो. मग तिचं हसू थांबलं.

"लग्नात वाजंत्री ऐकून राह्यले होते मी, मांडवामागून. वाटलं, कुणीतरी धरून न्यायला येईल."

मी मान खाली घातली. "अक्का, माझ्यामुळं तुझं माहेर तुटलं."

"गाडीमुळं माझं येणं तुटलं," ती म्हणाली. "तुझं येणं कशानं तुटलं? तुला तर जीप लागत न्हाई."

बहिणीनं यायचं आणि भावानं फलाटावर उभं राहायचं, असंच मी धरून चाललो होतो. चार वर्षं मी गाडीच्या आड लपलो, आणि गाडी तर नव्हतीच.

"फोन लाव गुरुजींना," अक्का म्हणाली. "इथूनच. मंग भाकरी."

लावला. गुरुजींनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे पाहणीतली साक्षच खोटी होती, असं लिहून द्याल?"

"देतो गुरुजी."

"उत्तम. सहा महिने आपण पुरावा शोधून राह्यलो आणि पुरावा इतिवृत्त लिहीत बसला होता. थांबा, इथं एक जण उभा आहे, त्याच्याशी बोला."

जीपवाला होता. मी त्याला म्हणालो, "तो मी आहे."

तो म्हणाला, "परत कधी येणार दादा?"

"परवा."

"परतूरला उतरलात की फोन करा. मीच येतो न्यायला. दुसऱ्या कुणाच्या जीपमधी बसू नका. अर्ध्या तासाचा रस्ता हाय, मला बोलायचं हाय." आणि फोन ठेवला.

भाकरी झाल्यावर अक्कानं वही आणून दिली आणि समोर बसली. मी नवा अर्ज लिहायला घेतला. पाहणीच्या दिवशी मी काय काय खोटं बोललो ते एकेक करून लिहिलं. बायकोची शुगर लिहिली, पोरीची तीन वर्षं लिहिली. मग रोज किती प्रवासी चढतील, ते लिहायची वेळ आली. मी 'पन्नास' लिहिलं.

"परत सोयरीक जुळवून राह्यलास का?" अक्का म्हणाली. "मोज."

बोटांवर मोजले. जालन्याच्या कॉलेजला जाणाऱ्या सहा पोरी. खव्याच्या पाट्या नेणारा एक. डायलिसिसला जाणारे आमच्या गल्लीतले काका आणि त्यांच्यासोबत काकू. परतूरच्या शाळेतली एक मास्तरीण. दहा झाले.

"आणि अधूनमधून दोघं," अक्का म्हणाली. "तू आणि मी. पण रोजच्यात धरू नको."

मी पन्नास खोडून दहा लिहिलं, खाली दोघं वेगळे लिहिले. कागदावर ते फारच थोडं दिसत होतं.

"अक्का, दहा माणसांसाठी एवढी लांबची गाडी कोण थांबवणार?"

"थांबायला किती वेळ लागतो तिला?"

"दोन मिनिटं."

"मंग दोन मिनिटंच माग," अक्का म्हणाली, आणि हुरड्याची पिशवी सोडायला उठली.