ओढ्याच्या पाण्यातली चुनखडी

डाळ शिजली नाही. एवढ्याशा गोष्टीवरून माझा संसार मोडायला निघाला होता. आज कुणाला सांगितलं तर हसतात. हसा बापडे. तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

सासरची वस्ती भोंगवलीच्या शिवारात, गावापासून लांब, ओढ्याच्या काठाला. माहेर राजगडाच्या पायथ्याला, पालीत. भाटघरच्या धरणावर दगड वाहून थोरला भाऊ घरी आला आणि पुढच्याच वैशाखात माझं लग्न लागलं, दुसरेपणावर. नवऱ्याची पहिली बायको विंझरची. तिला वर्षभरसुद्धा नांदवली नव्हती, माहेरी पाठवून दिली होती. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आमच्या घरात कुणी विचारलं नाही. बापाविना पोरीसाठी कोण एवढ्या चौकशा करतंय!

लग्नानंतर देवीचा गोंधळ ठरला. त्या घराची रीत अशी, की गोंधळाच्या नैवेद्याचं पुरण नव्या सुनेनं एकटीनं शिजवायचं. पाणी तिनंच आणायचं, चूल तिनंच पेटवायची, दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. रोजच्या डाळीत सासूबाई पापडखाराची चिमूट टाकायच्या, पण देवीला खार चालत नाही, त्यामुळं तोही नाही. डाळ लोण्यासारखी शिजली म्हणजे देवीनं सून पदरात घेतली. नाही शिजली तर काय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी अगदी निर्धास्त होते. पालीला हरभऱ्याची डाळ चार उकळ्यांत बोटानं मोडायची, त्यात कसलं आलंय कौतुक! ओढा आटलेला होता, म्हणून वाळूत खणलेल्या झिऱ्यातून हंडा भरून आणला, डाळ चढवली आणि पोळ्यांची कणीक मळत बसले. उकळ्यांवर उकळ्या आल्या. जळण संपत आलं. झाकण काढून दाणा दाबला तर तो खड्यासारखा बोटाला टोचला. परत जाळ घातला, परत दाबला. तसाच. अंगणात संबळ घुमायला लागला होता. अगं बाई, हे झालं तरी काय?

सासूबाई आत आल्या, एक दाणा तोंडात टाकला, थुंकला आणि बाहेर जाऊन सांगितलं, "देवीनं हिलाबी घेतलं न्हाई."

सासऱ्यांनी तिथल्या तिथं निकाल दिला, की पुनवेला पुन्हा नैवेद्य करायचा. तेव्हाही डाळ अशीच राहिली तर गाडी जुंपायची आणि मला पालीला सोडून यायचं. नवरा? तो गोठ्यात बैलांपाशी जाऊन उभा राहिला. धड हो नाही की नाही नाही. त्याचा मला जो राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी हंडा घासायला घेतला. तांब्याच्या भांड्यावर चिंच चोळायची, ही तर लहानपणापासूनची सवय. हंड्याला आतून पांढरं कवच धरलं होतं. पालीला असलं कधी पाहिलं नव्हतं. त्यावर चिंचेचा कोळ ओतला आणि हात झटकन मागं घेतला. ते कवच फसफसायला लागलं! बारीक बारीक बुडबुडे, जणू आत कुणी श्वास सोडतंय. मी दचकून दाराकडं पाहिलं. कुणी बघितलं असतं तर तेवढंच निमित्त, पोरीनं काहीतरी केलंय म्हणून.

हंडा तसाच उचलून झिऱ्यावर गेले. रोजचीच ती वाट, पण त्या दिवशी मी डोळे फाडून बघितली. काळ्या मातीच्या दरडीत चुनखडीचे खडे भरलेले होते, शेंगदाण्याएवढे, बोराएवढे. ते सगळ्यांच्याच माहितीचे. धरणाला चुना लागला तेव्हा सासऱ्यांनी स्वतः गाड्या भरभरून ते भट्टीला पोचवले होते. पण त्या खड्यांमधून पाणी पाझरत होतं, थेंब थेंब वाळूत उतरत होतं आणि आमच्या झिऱ्यात येत होतं. दरडीतून लोंबणाऱ्या गवताच्या मुळ्यांवर पाणी ठिबकून ठिबकून पांढरी साल चढलेली. मी ती साल खरवडली, एक खडा उचलला, दोन्हींवर चिंच पिळली. दोन्ही फसफसले. म्हणजे आपण दगड पितोय? दगड पाण्यात विरतो, आणि पाणी तरी नितळ कसं दिसतं?

याचं उत्तर मिळायला माझे केस पिकावे लागले. कॉलेजात जाणाऱ्या नातीनं सांगितलं. पावसाचं पाणी मातीत मुरताना मुळ्यांनी सोडलेला वायू पोटात घेतं, जरासं आंबट होतं आणि चुनखडी खात खात खाली जातं. खाल्लेली चुनखडी घेऊनच ते ओढ्यात येतं, ओढा नीरेला, नीरा भीमेला, असं थेट समुद्रापर्यंत. वाटेत कुठं तो वायू उडाला, मग उन्हानं असो नाहीतर चुलीवर असो, की चुना मागं बसतो. मुळ्यांवर, हंड्यात, डाळीच्या दाण्यात. पावसाळ्यात ओढ्याला वरचं ताजं पाणी असतं, त्याला दगडाशी बसायला सवडच नसते. उन्हाळ्यात मात्र ओढ्यात असतं ते सगळं जमिनीच्या पोटातलं. वस्तीवर पुरण व्हायचं ते श्रावणापासून पुढं. होळी-पाडव्याला सगळे गावातल्या थोरल्या घरी जेवायला. वैशाखात पुरण शिजायचं ते एकाच कारणानं, नव्या सुनेच्या गोंधळाला. सासूबाई नव्या सून होत्या तेव्हा ही वस्ती नव्हती, त्यांचा गोंधळ गावातल्या थोरल्या घरीच झालेला. आणि पालीकडं पाऊस इतका, की मातीत चुनखडी उरलेलीच नाही. मावळातल्या पोरीला हे कळणार कसं?

तेव्हा मला एवढंच कळलं, की खोट पाण्यात आहे. झिऱ्याचं पाणी नुसतंच उकळून ठेवलं. ते गढुळलं, गार झाल्यावर तळाला पांढरा गाळ बसला. वरचं पाणी फडक्यातून गाळून घेतलं आणि मूठभर डाळ त्यात चोरून शिजवून बघितली. मोडली! मला रडूच फुटलं.

पुनवेला मी त्याच पाण्यात नैवेद्याची डाळ शिजवली. सासूबाईंनी दाणा दाबला. तो बोटांत विरघळला तसा त्यांचा चेहरा खुलायच्या ऐवजी ताठला. खार टाकलास, म्हणाल्या. माझं डोकंच फिरलं. नव्या सुनेनं तोंड वर करून बोलू नये, हे सगळं मी त्या घटकेला चुलीत घातलं. म्हटलं, तुमीच झिऱ्याचं पाणी आणा, तुमच्या हातानं डाळ शिजवा, खार टाकू नका, मी उंबऱ्याबाहेर बसते.

त्यांनी हट्टानं चढवली. दुपार कलली. त्यांची डाळ माझ्या पहिल्या डाळीसारखीच टणक राहिली. मी गाळ बसलेलं पातेलं त्यांच्यापुढं ठेवलं, चिंच पिळून दाखवली. गाळ फसफसला. मला वाटलं, आता तरी म्हणतील, पोरी, चुकलं. त्या म्हणाल्या,

"तिचीबी अशीच राह्यली हुती."

मला आधी समजलंच नाही. समजलं तशी मी हबकले. विंझरच्या त्या बाईला घालवून दिली होती ती या डाळीपायी! दुसरं काहीही कारण नव्हतं. भांडण नाही, चोरी नाही, वांझपण ठरायलासुद्धा वेळ दिला नव्हता. ओढ्यातल्या चुन्यानं तिचं घर गेलं आणि त्या रिकाम्या जागेवर मला आणून बसवली होती. सासरे उठून शेतात निघून गेले. नवरा जागेवरून हलला नाही. पहिल्यांदाच मला त्याच्याकडं बघवलं नाही.

सासूबाईंनीच गाडी जुंपायला लावली, पण विंझरला जायला. मला बरोबर घेतलं. नसरापूरला मुक्काम केला. वाटभर माझ्या डोक्यात एकच, ती आली तर माझं काय? खोटं कशाला बोलू.

ती भावाच्या घरी होती. माझ्याहून थोडीच मोठी. आम्हाला बघून तिच्या हातातली कळशी तशीच राहिली, पण तिनं पाय धुवायला पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली. सासूबाईंनी मान खाली घालून सगळं सांगितलं. पाण्यात खोट होती, तुझ्यात नव्हती, चल घरी. ती ऐकत होती आणि ताटं वाढत होती. भात वाढला, त्यावर डाळ ओतली. मऊ, एकजीव, दाणा कुठं शोधून सापडला नसता.

"हितं पयल्यापासनं शिजतीया," ती म्हणाली. "तवाबी तुमाला सांगत हुते, आत्याबाई, आमच्याकडं शिजती म्हनून."

तिनं माझ्या ताटात आणखी डाळ वाढली, पोटभर जेव म्हणाली आणि पाण्याला निघून गेली. ती परत यायच्या आत आम्ही गाडी जुंपली. सासूबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या, आणि मी तिच्या घरी नांदायला परत निघाले.