खिडकीतला कप

आमच्या ऑफिसच्या खिडकीत, पडद्याआड, एक कप कायम उपडा असतो. निळ्या फुलांचा, कडेचा टवका उडालेला. बाकीचे कप कपाटात असतात. हा एकटाच बाहेर, कारण तो शांताबाईंचा आहे आणि शांताबाई आमचे संडास धुतात.

नोकरीला लागले तेव्हा तो कप मला खुपला होता. मी शेजारच्या टेबलावर विचारलंही होतं. "अहो, इथे पहिल्यापासून असंच आहे," एवढंच उत्तर मिळालं आणि तेवढं मला पुरलं. खुपणारी गोष्ट अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? मला महिनाही लागला नसेल. पुढे अकरा वर्षं मी त्या खिडकीतून समोरचा बहावा फुलताना पाहिला. कप दिसेनासाच झाला.

काल नव्याने लागलेल्या मुलीने सहज तो उचलला आणि त्यात चहा ओतून घेतला. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मीच पुढे झाले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "अगं, तो नको. तो शांताबाईंचा आहे."

"अय्या! त्यांचा आवडता आहे का?"

दारात बादली घेऊन उभ्या असलेल्या शांताबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

"हो गं पोरी, आवडता आहे माझा," त्या म्हणाल्या. "पी तू."

त्यांनी माझी लाज राखली.

चहा संपल्यावर त्या मुलीने कप स्वच्छ विसळला आणि जपून परत खिडकीतच उपडा ठेवला. मी बघत होते.