एक रेघ आणि सही

ॲम्ब्युलन्सच्या ऑफिसात दोन गोष्टी आपोआप साचतात: एकेकट्या चपला आणि किस्से. पेशंटला उचलताना चप्पल गाडीत राहते, न्यायला कोणी परत येत नाही. किस्स्यांचंही तेच. आमच्या धंतोलीच्या कंट्रोल रूममध्ये साचलेले निम्मे किस्से मेश्राम मॅडमचे आहेत.

मॅडम म्हणजे नौदलातून निवृत्त झालेल्या कमांडर. नोकरीभर काम एअर ट्रॅफिक कंट्रोलचं, म्हणजे नौदलाची विमानं सुखरूप खाली उतरवायची. निवृत्तीनंतर नागपुरात येऊन त्यांनी आमच्या पाच गाड्यांचा कंट्रोल हातात घेतला. मागच्या महिन्यात त्या गेल्या. शोकसभेत आमचे मालक डॉक्टर वीस मिनिटं त्यांच्या शिस्तीवर बोलले. त्याच शिस्तीपायी हा माणूस मॅडमना टाळायला मागच्या दारानं यायचा. म्हणून म्हटलं, खरं काय ते आपणच लिहून ठेवावं.

*

मी नोकरी मागायला गेलो तेव्हा इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलेलं होतं. भेटेल तो मोठा माणूस एकच विचारायचा, "आता पुढे काय?" जसं काही यांना यांच्या वेळी माहीत होतं. मॅडमनी विचारलं, "पत्ता सांगता येतो?"

मी एक पत्ता सांगितला. "पुन्हा." सांगितला. "पुन्हा." नवव्या वेळी माझा आवाज चढला.

"हं, चढला," मॅडम म्हणाल्या. "फोनवरचा माणूस ओरडला की आपण हळू बोलायचं. तो अजून ओरडला, आपण अजून हळू. जमेल?"

"ओरडणारे घरीच आहेत, मॅडम. सवय आहे."

"उद्या सातला ये."

*

येणारा जाणारा विचारायचा, मॅडम, किती जहाजं चालवली? एकही नाही म्हटलं की चेहरे पडायचे. आमचे ड्रायव्हर गजूभाऊ जरा बरं विचारायचे. "मॅडम, समुद्र पयल्यांदा पायला तवा कसं वाटलं?"

मॅडम नागपुरातल्याच इंदोरा वस्तीत वाढलेल्या. नौदलाचा अर्ज भरला तेव्हा अंबाझरीच्या तलावापेक्षा मोठं पाणी त्यांनी पाहिलं नव्हतं.

"ट्रंकेवर बसून पाहिला. म्हटलं, चांगला आहे, पण पलीकडचा काठ काहून दिसत नाही?"

"मंग?"

"मंग काय, नोकरीभर तेच पाहात राहिले."

*

माझे बाबा हेडमास्तर. त्यांनी समस्त नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं की पोरगा पुण्यात शेवटच्या वर्षाला आहे. पोरगा होता नागपुरातच, महाल भागात, भाड्याच्या खोलीत, बापाच्या घरापासून दोन किलोमीटरवर. दर रविवारी फोन: "परत ये, फॉर्म भर, कोणाला काही कळणार नाही." मी गेलो नाही, तर पुण्यातला पोरगा खरा आणि मी खोटा, असा एकूण मामला होता.

अडचण ही, की विदर्भात कोणी आजारी पडलं की धंतोलीतल्या हॉस्पिटलांतच येतं. एका दुपारी दारात भिवापूरचे काका दिसले. मी टेबलाखाली.

मॅडम वाकल्या. "काहून बे पोट्ट्या, खाली काय करून राहिला?"

"मी पुण्यात आहे, मॅडम."

मॅडमनी काकांना शांतपणे वॉर्डाचा रस्ता सांगितला. ते गेल्यावर पुन्हा वाकल्या. "पुण्याहून निघाला का? फोन वाजून राहिला."

*

एकदा पिकल्या केसांचा एक उंच माणूस आला. कोचीत नौदलाचा पायलट होता म्हणे. एकदा भर पावसात, इंधन संपत आलेलं, समोर सगळं पांढरं, तेव्हा मॅडमनी सात मिनिटं एकसारखं बोलत त्याला धावपट्टीवर आणलं होतं. आम्ही मॅडमसोबत दोन वर्षं बसत होतो, त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता.

चहा झाल्यावर तो म्हणाला, "मॅडम, एकदा बोला ना तसं."

"वेडा आहेस का?"

तो डोळे मिटून बसून राहिला. मग मॅडम बोलल्या, त्या पत्ता सांगतानाच्या आवाजात. "ऑन सेंटरलाइन. ऑन ग्लाइड पाथ. छान येतो आहेस." त्या पाच फुटी बाईसमोर त्या सहा फुटी माणसाच्या गालावरून पाणी वाहत होतं. गजूभाऊंनी हातातली बिडी पेटवलीच नाही.

"आणि खाली उतरल्यावर यानं पहिलं काय विचारलं माहीत आहे?" मॅडम आमच्याकडे वळून म्हणाल्या. "आज टॉवरमध्ये सर लोक कुठे गेलेत?"



*

आता माझी चूक. एकाच रस्त्यावर, एकाच मालकाची दोन हॉस्पिटलं आहेत. मी गाडी चुकीच्या दारावर पाठवली. खेड्यावरची म्हातारी अकरा मिनिटं उशिरा पोचली. वाचली, पण ती माझ्या हुशारीनं नव्हे.

लॉगबुकातली नोंद पुसायला मी व्हाइटनर शोधायला लागलो. मॅडमनी माझा हात धरला. "लॉगबुकात चूक पुसत नसतात. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला सही. मग पुढच्या ओळीत खरं काय ते."

मालक आले. म्हणाले, पानच फाडा, नातेवाईक विचारतील. "आणि मॅडम, हे नेव्ही नाही."

"माहीत आहे, सर. नेव्हीत पान फाडा म्हणणाऱ्याला एव्हाना दाराबाहेर उभं केलं असतं."

त्यांनी मला आणि लॉगबुकाला घेऊन म्हातारीचा मुलगा गाठला. माझ्या सहीखाली आधी स्वतःची सही केली, मग वही त्याच्या पुढ्यात ठेवली. मला वाटलं, हा आता मला मारणार. त्यानं ती ओळ दोनदा वाचली.

"लिवलं तरी," तो म्हणाला. "आम्हाले खरं कोणी लिवून देत नाही, सारे तोंडानंच खोटं बोलतात."

*

मॅडमनी लग्न काहून नाही केलं, हे शेजारच्या मेडिकलवाल्या काकूंनी एकदा विचारलंच.

"ठरलं होतं वं बाई," मॅडम म्हणाल्या. "एक रेघ, सही."

*

शेवटी बाबा स्वतःच आले. सकाळी अकरा वाजता, हातात कॉलेजचा फॉर्म. माझ्याकडे न बघता मॅडमना म्हणाले, "याला न्यायला आलोय. मधली वर्षं आजारपणात दाखवता येतात, मी कॉलेजात बोललोय."

"आधी रजिस्टर, सर. नाव, वेळ, येण्याचं कारण."

रजिस्टर म्हटलं की हेडमास्तर नाही म्हणू शकत नाही. बाबांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: मुलास घरी नेण्याबाबत.

तेवढ्यात फोन वाजला. महालातली एक बाई, नवरा जेवता जेवता कोसळलेला, ती किंचाळत होती. मी हळू बोललो. ती अजून किंचाळली, मी अजून हळू. पत्ता घेतला, तिला वाचून दाखवला, गजूभाऊंना सोडलं, गाडी दारात पोचेपर्यंत तिला छाती दाबायला लावत राहिलो. नवऱ्यानं श्वास घेतला तेव्हा तीच मला म्हणाली, "दादा, ठेवू आता फोन?"

मान वर केली. बाबा अजून रजिस्टरपाशीच उभे होते.

"व्हाइटनर आहे का?" त्यांनी मॅडमना विचारलं.

"इथं ठेवत नाही, सर."

मॅडमनी मला शिकवलं होतं तेच त्यांनाही सांगितलं. बाबांनी फॉर्मची कड पट्टीसारखी धरून एक सरळ रेघ मारली. सही केली. खालच्या ओळीत लिहिलं: मुलास डबा देण्याबाबत.

हातात डबा नव्हता.