चिपला लावलेलं कुंकू

आमच्याकडं खंडेनवमीला घरातल्या प्रत्येक हत्याराला हळदकुंकू लागतं. विळा, कुऱ्हाड, बोरची मोटार, बायकोची शिलाई मशीन. जे पोट भरतं ते देव. म्या चौथीत शाळा सोडली, पण ह्यात कधी खंड पडू दिला न्हाय.

त्या वर्षी लेक नवमीच्या आदल्या दिवशी घरी आली. ती पुण्याला एका प्रयोगशाळेत संशोधन करते. बंगळूरहून एक चिप घेऊन निघाली होती. वाटेत सोलापूरला उतरून, यष्टीनं येरमाळ्याला आली. चिप म्हणजे तांदळाच्या कणीएवढा तुकडा, प्लास्टिकच्या डबीत चिकटवलेला.

"एवढ्याशासाठी बंगळूर गाठलंस?" म्या म्हणलो.

"दादा, तुम्ही लेझीम शिकवता न्हवं?" ती ओसरीवर मांडी घालून बसली. "लेसरचा उजेड ह्याच्यात शिरला की आतले कण एका तालावर नाचतात. पण यात्रेच्या गर्दीत धक्के लागले की ताल मोडतो, तसं इथं उष्णतेनं होतं. म्हणून लोक असल्या वस्तू बर्फाहून लई थंड करून बघतात. आम्ही अशाच उकाड्यात, साध्या खोलीत बघतो."

"मग ताल टिकतो?"

"पापणी लवायला त्याच्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. मोडायच्या आत बघून घ्यायचं, तेच आमचं काम. क्वांटमचं."

"गर्दीत आमी कधी ताल सोडला न्हाय."

"म्हणून तर तुम्हालाच सांगते."

त्या एका वाक्यावर म्या सकाळपर्यंत छाती फुगवून होतो.

सकाळी ती आंघोळीला गेली तवा पूजा मांडली. विळ्याशेजारी तिची डबी ठेवली. नुसत्या झाकणाला कुंकू लावणं म्हणजे तलवार सोडून म्यान पुजणं. म्या झाकण काढलं. बोटाच्या टोकानं त्या कणीला हळद लावली, वर कुंकू लावलं.

"दादा! डबी उघडली तुम्ही?"

तिनं ती उचलून दारातल्या उजेडात धरली. लई वेळ बघत राहिली. "ह्याच्या कडेतून उजेड आत जातो. तिथं धुळीचा कण बसला तरी संपलं."

चुकलो म्हणायला तोंड उघडलं, निघालं भलतंच. "देवीचं कुंकू म्हणजे धूळ न्हाय. एवढं नाजूक हाय तर घरी आणायचं न्हवतं."

"न्हाय आणणार," ती म्हणाली.

पुरणाची पोळी ताटात तशीच ठेवून दुपारच्या यष्टीनं गेली. दुसरी चिप मिळायला लई महिने गेले, हे तिच्या आईकडून कळलं.

तीन दसरे झाले. दर रविवारी फोन येतो. गोळी घेतली का, बोरला पाणी हाय का. कामाचं एक अक्षर न्हाय, आन् म्याबी इचारलं न्हाय. लेझीम शिकवताना वाटतं, गड्यांना थांबवून सांगावं, कणीएवढ्या तुकड्यात बी हीच गत असती. पण दोन वाक्यांवर माझं सरतं. पुढचं तिच्यापाशी राहिलं.

गेल्या रविवारी बायको देवळात गेली होती, फोन म्या उचलला.

"गोळी घेतली का, दादा?"

"घेतली." मग एकदाचं म्हणलो, "ती डबी म्या उघडायला नको होती."

 

"दादा, किती दिवस झाले त्याला."

"ते म्याबी जाणतो. दसऱ्याला येतीस का?"

"या वर्षी सुट्टी न्हाय हो." पण तिनं फोन ठेवला न्हाय. "नव्या चिपमधी काय दिसलं, सांगू?"

"सांग की."

ती सांगत गेली. एकामागं एक उजेडाचे दोन ठोके सोडायचे, दुसरा कधी पोचतो ते सरकवत न्यायचं, त्यावरून आतलं कळतं, असं काहीबाही. निम्मंच ध्यानात आलं. मधी थांबून तिनं इचारलं, "कळतंय ना, दादा?"

"व्हय व्हय," म्या म्हणलो, "पुढं सांग."