वीस मिनिटांचं बाकडं

गावडेभाऊ गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. त्यांच्या मुलीचा पुण्याहून फोन आला. "मावशी, बाबांच्या फोनमध्ये दर शुक्रवारी तुमचाच नंबर दिसतोय, म्हणून म्हटलं तुम्हाला कळवावं." मी सोलापुरात दोन खोल्यांत एकटी. मेथी निवडत होते, ती तशीच राहिली. रडायचं तरी कोणत्या नात्यानं? माळशिरस तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात ते रक्त तपासायचे आणि मी नर्स म्हणून बाळंतपणं करायची. नातं म्हणाल तर एवढंच, आणि एक भांडणाचं.

भांडण उपदंशाच्या, म्हणजे लोक ज्याला गरमी म्हणतात त्या आजाराच्या तपासणीवरून. गरोदर बाईला तो असला आणि वेळेत इंजेक्शन मिळालं नाही, तर पोटातलं मूल दगावू शकतं. भाऊ काचेवर तपासायचे. रक्तावरचं पाणी वेगळं काढून तापवायचं, काचेवर थेंब ठेवून तपासणीची ताजी कालवलेली दवा मिसळायची, काच चार मिनिटं फिरवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. वीज गेली की हातानं फिरवायचे; तेवढा वेळ कलेक्टर आले तरी मान वर नाही. कालवलेली दवा दुसऱ्या दिवशी चालत नाही, म्हणून आठवड्याचे नमुने साठवून शुक्रवारी एकदम. "एका बाईपायी दवा कालवायची आन् उरल्याली सांजंला मोरीत वतायची व्हय, सिस्टर?" पुष्कळ बायका असल्या की ती तपासणी स्वस्त पडायची, हे खरंच. मी मात्र तपासणीच्या तयार कार्डाच्या बाजूची. बोटातला थेंब त्यावर टाकायचा, वीस मिनिटांत निकाल. ठीक असेल तर एक रेघ, आजार असेल तर दोन. कार्ड महाग, पण बाई समोर बसलेली असते.

मग ऊसतोडीच्या टोळीतली ती बाई आली. सोमवारी रक्त दिलं. "शुक्रवारी ये," असं आम्ही दोघांनीही सांगितलं. शुक्रवारी भाऊ काचेवरून उठले ते थेट माझ्यापुढं. "सिस्टर, हाय. लई हाय." त्यांच्या स्कूटरवरून आम्ही फडावर गेलो. ऊस तुटून गेलेला, पाचटाच्या कोपी उठलेल्या, तीन दगडांच्या चुलीतली राख गार. शेजारच्या मळ्यातला म्हातारा म्हणाला, "परवाच गेली की टोळी. कुटं, ते न्हाय ठावं." आमच्या नोंदवहीत गावाच्या रकान्यात नुसतं 'टोळी' लिहिलं होतं... माझ्याच अक्षरात. 'सांगत होते ना' असं मी भाऊंना कोणत्या तोंडानं म्हणणार?

पुढच्याच आठवड्यात भाऊंनीच लॅबच्या दाराशी बाकडं आणून ठेवलं. आता कार्ड सगळ्यांना. निकाल लागेपर्यंत बाईनं बाकड्यावर बसायचं, आणि दोन रेघा आल्या तर पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी. उठू पाहणारीला भाऊ स्वतःच्या थर्मासातला चहा पाजायचे. एकदा एक पोरगी कार्ड बघून हरखलीच, "दोन रेघा? जुळी हायती व्हय?" मला हसू आणि रडू एकदमच आलं. तिला आणि तिच्या नवऱ्याला इंजेक्शनं दिली, बाळ सुखरूप झालं. दुसऱ्या बाळंतपणाच्या खेपेला आली तर पुन्हा त्याच दोन रेघा! नवरा डोळे वटारून तिच्याकडे बघायला लागला. मीही घाईनं इंजेक्शन काढलं. भाऊंनी मला हातानंच थांबवलं, आणि त्या एकटीसाठी दवा कालवली. चार मिनिटं काच फिरवली, निरखून बघितली. "पावनं, आता काय बी न्हाय. रेघ खोटं बोलत न्हाय, पर मागचं दुखणंबी इसरत न्हाय. आजचं काच सांगती." संध्याकाळी उरलेली दवा त्यांनी मोरीत ओतली.

निवृत्तीनंतर दर शुक्रवारी त्यांचा फोन यायचा. गुडघे, शेळ्या, लेकीचं पुण्याचं घर, आणि ठेवताना ठरलेलं वाक्य, "सिस्टर, तिला कुटंतरी कुणीतरी टोचलं आसंल की वो?" मी "असेल की," म्हणायची. मला तरी काय ठाऊक होतं? पण दोघं मिळून ते ओझं पेलायचो. आता त्या टोळीतल्या बाईची आठवण असलेली मी एकटीच उरले, आणि हे फार जड जातं.

परवा राहवलं नाही, एसटीनं दवाखान्यात गेले. बाकडं आहे, एका पायाखाली वीट. त्यावरची एक बाई उठायला लागली, "गाडी हुबी हाय, मुकादम वरडंल." काही कळायच्या आत मी तिचा हात धरला. "बस गं बाई. वीसच मिनिटं." बसली बिचारी. कार्डावर एकच रेघ आली, तशी पदर सावरत पळाली. मी लॅबमधल्या मुलीला विचारलं, "गाव लिहून घेतलंस ना तिचं?" "हो काकू, फोन नंबरपण."

शुक्रवार होता. भाऊंना सांगावं म्हणून मी फोन काढला, त्यांचं नावही काढलं... आणि बाकड्यावर तशीच बसून राहिले.