एकाच बरगडीचे पाच फोटो

शिरोलीच्या फौंड्रीत मौलाली बारा वर्षं मोल्डर होता. काळी वाळू ठोकून साचा करायचा, त्यात वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं, गार झालं की साचा फोडायचा. फोडताना उठणारी धूळ नाकातोंडात जायची. सुट्टी झाली की सगळे गुळाचा खडा चघळत; गुळानं धूळ खाली उतरते, अशी खात्री. मौलालीची काय उतरेना. मंगळवार पेठेतल्या घराचा जिना चढताना तो दोनदा थांबायचा आणि बायकोला, शमशादला सांगायचा, "चप्पल सैल झालीया."

ऐंशी साली शहरातली एक डॉक्टरीणबाई फौंड्रीत आली. धुळीनं छातीचं काय होतं ते तिला शोधायचं होतं. त्यासाठी चौदा मोल्डरांचे एक्स-रे काढायचे होते. मालक म्हणाले, "पुरावा दाखवा, धूळ ओढणारा पंखा बसवतो." पण कामगारांत कुजबूज झाली, डाग दिसला की घरी बसवणार.

मौलालीला एका जागी बसवेना. शेजारच्या तालमीतल्या ज्ञानू पैलवानाला त्यानं गाठलं.

"तुझी छाती दे की एक दिस."

"छाती काय, पाठ बी घे!"

साथीदार गुंडूला ही युक्ती कळली, मग आणखी तिघांना. चार दिवसांत ज्ञानू पाच नावांनी यंत्रापुढं उभा राहिला; कधी टोपीत, कधी फेट्यात.

आठवड्यानं बाई फौंड्रीच्या दारात उभी. "पाच जणांची एकच बरगडी, एकाच जागी मोडलेली! कुठल्या आखाड्यात पडलात रे सगळे?"

सगळे खो खो हसले. बाई हसली नाही. "चौदातले पाच खोटे. मग उरलेल्या नऊ जणांवर कोण विश्वास ठेवणार? गेला तुमचा पंखा."

बसस्टॉपपर्यंत मौलाली तिच्या मागं गेला.

"बाई, नाव कशाला लागतंय तुमास्नी?"

"नाव नकोच. वय, वाळूत किती वर्षं, आणि छाती."

"मग नंबर टाका. कुणाचा कुठला, ते आमचं आमी ठेवतो."

"आणि परत पैलवान आला तर?"

"दारात मी उभा ऱ्हातो की. आन् पयला मीच."

लिहून ठेवलं तर कागद कुणाच्याही हाती लागला असता. म्हणून चौदा नंबर मौलालीनं पाठ केले. यंत्रापुढं "श्वास रोखा" म्हटल्यावर त्याला रोखता येईना. तीन फिल्मा वाया गेल्या.

सहांना डाग निघाले. ज्याला त्याला मौलालीनं कोपऱ्यात घेऊन सांगितलं. त्यात गुंडू होता, तो स्वतः होता.

महिन्यानं मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. "पुरावा बघितला. सहा जण कोण? यादी आण."

नोकरी जाणार, हे मौलालीला दिसत होतं.

"यादी न्हाय, मालक. डोक्यात हाय. पंखा बसंपातूर आठवायची न्हाय."

"मस्ती आलीय व्हय रं?"

उत्तर द्यायला त्यानं तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. टेबलाची कड धरून तो वाकला. सहातला एक मालकांना तिथंच कळला.

त्याला वाळूतनं उचलून गेटवर राखणीला बसवलं. बाईच्या चार खेपा झाल्या, तेव्हा उन्हाळ्यात पंखा बसला. उरलेली पाच नावं मौलालीला तरीही आठवली नाहीत.